जगातली पहिली लाँग ड्राइव्ह आणि उतारावरचे ब्रेक: बर्था बेंझची गोष्ट

लाँग ड्राइव्हला निघताना आपण काय काय बघतो? प्लेलिस्ट, फास्टॅगचा बॅलन्स, मॅपवरचा लाल पट्टा, फार तर टायरमधली हवा. ब्रेक सहसा कोणी बघत नाही. ब्रेक लागणारच, असं आपण धरून चालतो. आज ज्या बाईबद्दल लिहितोय तिला असं धरून चालण्याची सोय नव्हती. मोटारीतून जगातला पहिला लांबचा प्रवास तिने १८८८ साली केला. वाटेत उतारावर ब्रेक कमी पडतायत हे तिच्या लक्षात आलं आणि तिने रस्त्यातच त्यावर इलाज केला. त्या इलाजाचा पणतू आज तुमच्या गाडीच्या चाकात बसलाय.

तिचं नाव बर्था बेंझ. हो, मर्सिडीज-बेंझमधलंच बेंझ. महिला दिनाला तिचे फॉरवर्ड फिरतात. त्यात ती हॅटच्या पिनेने गाडी दुरुस्त करते आणि गोष्ट संपते. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे मला त्या पिनेपेक्षा ब्रेकचं प्रकरण जास्त भारी वाटतं. पण आधी ती तिथपर्यंत पोहोचली कशी ते बघू.

हुंड्याचे पैसे आणि न चालणारा धंदा

बर्था रिंगरचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या बाडेन प्रांतातल्या फोर्झहाइम गावचा. वडील सुतारकाम आणि बांधकामातून चांगले पैसे मिळवलेले. घरच्या बायबलमध्ये मुलांच्या जन्माची नोंद करायची पद्धत होती. बर्थाच्या नोंदीत, दुर्दैवाने पुन्हा मुलगीच झाली, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते पुढे तिच्या वाचनात आलं, असं सांगतात. मुलीला यंत्रांमध्ये रस होता, पण त्या काळी तिकडेही मुलींना इंजिनिअरिंगचं शिक्षण मिळत नव्हतं.

कार्ल बेंझ नावाच्या तरुण इंजिनिअरशी तिचं लग्न ठरलं. कार्ल हुशार होता, पण व्यवहारात कच्चा. मॅनहाइम शहरात त्याने एका भागीदाराबरोबर वर्कशॉप काढलं आणि भागीदाराशी काही जमेना. तेव्हा बर्थाने वडिलांकडून आपला हुंडा लग्नाआधीच मागून घेतला आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. लग्न झालं १८७२ मध्ये. आजच्या भाषेत ती या स्टार्टअपची पहिली गुंतवणूकदार. पण लग्नानंतर बायकोच्या मालमत्तेचा कारभार कायद्याने नवऱ्याच्या हातात जायचा, त्यामुळे कागदावर ती कुठेच नाही.

पुढची काही वर्षं ओढाताणीची होती. कर्ज, मुलं, आणि वर्कशॉपमध्ये चालू न होणारं इंजिन. १८७९ च्या ३१ डिसेंबरला, रात्रीच्या जेवणानंतर दोघं पुन्हा एकदा वर्कशॉपमध्ये गेली आणि त्या दिवशी ते टू-स्ट्रोक इंजिन पहिल्यांदा नीट चालू झालं. त्यावर धंदा जरा उभा राहिला. १८८३ मध्ये बेंझ अँड कंपनी सुरू झाली आणि मग कार्ल त्याच्या खऱ्या वेडाकडे वळला: घोड्याशिवाय चालणारी गाडी. २९ जानेवारी १८८६ ला पेटंट क्रमांक ३७४३५ साठी अर्ज गेला. मोटारीचा जन्मदाखला म्हणतात तो हाच. त्यावर नाव बेंझ अँड कंपनीचं, बर्थाचं नाही.

डेमो चालतो, प्रॉडक्ट विकत नाही

आता इथे खरी गंमत आहे. गाडी तयार होती, पेटंट होतं, पण गिऱ्हाईक नव्हतं. लोक बघायला जमायचे, हसायचे, निघून जायचे. कार्लचा स्वभाव असा की अजून थोडं सुधारू, अजून थोडं तपासू. मॅनहाइमच्या आसपास छोट्या चकरा व्हायच्या. १८८८ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला त्याला मॅनहाइम आणि जवळच्या काही गावांच्या हद्दीत गाडी चालवायची लेखी परवानगीही मिळाली. जगातलं पहिलं ड्रायव्हिंग लायसन्स म्हणून तो कागद ओळखला जातो.

आमच्या फील्डमध्ये हे रोज दिसतं. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर सगळं मस्त चालतं. खरी परीक्षा होते ती दुसऱ्या कोणाच्या हातात, दुसऱ्या नेटवर्कवर, कमी बॅटरीत. ही गाडी गावाबाहेर, चढ-उतारावर, दिवसभर चालते का, हे कोणालाच माहीत नव्हतं. कार्ललाही नाही.

त्याच ऑगस्टमध्ये, शाळेच्या सुट्टीत, एका पहाटे कार्ल झोपेत असताना बर्था दोन मुलांना घेऊन गाडीसकट निघाली. मोठा ऑयगेन १५ वर्षांचा, धाकटा रिचर्ड १३ वर्षांचा. निमित्त होतं माहेरी जायचं. माहेर म्हणजे फोर्झहाइम, या वाटेने साधारण १०४ किलोमीटर. परवानगीच्या कागदात ते गाव नव्हतंच.

धाडस म्हणून हे भारीच आहे. पण एक सांगतो, सुरक्षिततेच्या आजच्या चौकटीत यातलं बरंच काही बसत नाही. पट्टे नाहीत, काच नाही, छप्पर नाही, सोबत अल्पवयीन मुलं. मला तिचं कौतुक वाटतं ते धोका पत्करला म्हणून नाही. वाटेत प्रत्येक धोका दिसल्यावर तिने काय केलं, त्यासाठी वाटतं.

गाडी होती तरी कशी?

तीन चाकं. पुढे एकच चाक आणि ते वळवायला स्टीअरिंगच्या जागी एक दांडा. मागे आडवं पडलेलं एक सिलेंडरचं इंजिन, भलंमोठं फ्लायव्हील, तिथून पट्टा आणि साखळ्यांनी मागच्या चाकांना ताकद. वेग फार तर ताशी १६ किलोमीटर, म्हणजे जोरात चालवलेली सायकल. इंधनाची वेगळी टाकी नव्हती. कार्ब्युरेटरमध्येच साधारण साडेचार लिटर मावायचं.

इंधन होतं लिग्रोइन, पेट्रोलसारखाच एक हलका द्रव. तेव्हा कपड्यांवरचे डाग काढायला तो वापरत आणि तो मिळायचा औषधाच्या दुकानात. म्हणून वाटेत वीस्लोख गावातल्या केमिस्टकडे थांबून तिने लिग्रोइन घेतलं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. तुमच्यापैकी कोणाकडे इलेक्ट्रिक गाडी असेल तर हा प्रकार ओळखीचा वाटेल: आधी चार्जर कुठे ते बघायचं, मग रस्ता ठरवायचा.

पाण्याचंही तसंच. त्या गाडीत आजच्यासारखं बंद रेडिएटर नव्हतं. इंजिनभोवती पाणी असायचं, ते उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. पाणी आहे तोवर इंजिन फार तापत नाही, कारण पाणी उकळत असताना त्याचं तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं. पण ते सतत भरावं लागतं. मग काय, खानावळ दिसली की पाणी, ओढा दिसला की पाणी. आपल्या गाडीत कूलंट बंद आणि दाबाखाली फिरतं, म्हणून ते १०० च्या वर जाऊनही उकळत नाही. आणि म्हणूनच तापलेल्या इंजिनचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. दाब सुटला की आतलं सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. गाडी तापली तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि चांगला अर्धा तास चहा प्या.

रस्त्यातल्या दुरुस्त्या पटकन सांगतो, कारण त्या तुम्ही ऐकल्या असतील. इंधनाची नळी तुंबली, ती तिने हॅटच्या लांब पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या वायरचं आवरण झिजून शॉर्ट व्हायला लागलं, तिथे मोजे वर धरून ठेवायचा स्वतःचा इलॅस्टिकचा पट्टा इन्सुलेशन म्हणून गुंडाळला. साखळीचं काम एका लोहाराकडून करून घेतलं. यात जुगाड दिसतो, पण जुगाडाआधी निदान आहे. नळी तुंबली की वायर शॉर्ट झाली, हे बंद पडलेल्या गाडीशेजारी उभं राहून ओळखायला मशीन आतून माहीत असावं लागतं.

चढ कळतो, उतार कळत नाही

ब्रुखसालपर्यंतचा रस्ता ऱ्हाइन नदीच्या मैदानातला, बऱ्यापैकी सपाट. पुढे फोर्झहाइमकडे टेकड्या लागतात. गाडीला दोनच गिअर आणि ताकद तीन हॉर्सपॉवरच्याही आत, त्यामुळे चढावर मुलं उतरून ढकलायची. हे त्रासाचं होतं, पण धोक्याचं नव्हतं. चढावर गाडी थांबते. थांबली की कळतं.

उतारावर उलट. उतारावर सगळं छान चाललंय असंच वाटतं. इंजिनचा आवाज कमी, वेग आपोआप, वारा मस्त. आणि तेवढ्या वेळात ब्रेकचे लाकडी ठोकळे घासून घासून झिजत असतात. बर्थाच्या गाडीत नेमकं हेच होत होतं. तिने काय केलं? फोर्झहाइमच्या अलीकडे बाउशलॉट गावात ती एका मोच्याकडे गेली आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. बस्, एवढंच. मोटारीच्या इतिहासात ब्रेक लाइनिंगची सुरुवात म्हणून याच प्रसंगाकडे बोट दाखवतात.

कल्पना नीट बघा. झिजणारा भाग आणि भार पेलणारा भाग तिने वेगळे केले. झिजेल तर चामडं झिजेल, ते बदलता येतं. मूळ ठोकळा शाबूत. शिवाय चामड्याची पकडही लाकडापेक्षा चांगली. आज आपण ब्रेक पॅड बदलतो, डिस्क दर वेळी बदलत नाही, यामागे तोच विचार आहे. आणि हे तिने ब्रेक पूर्ण जायच्या आधी केलं. कमी लागतायत म्हटल्यावर पुढचा उतार कसाबसा काढू असं न म्हणता ती थांबली.

आता हे आपल्या घाटात आणू, कारण गणित तेच आहे. माणसं आणि सामान धरून तुमची गाडी १५०० किलोची समजा. तुम्ही ५०० मीटर उंचीचा घाट उतरताय. उंचीवरची ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. थोडी हवा आणि टायर खातात, बाकीची सगळी फक्त ब्रेकने अडवायची ठरवली तर ती उष्णता होते. किती? साधारण ७३ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत जवळजवळ २३ लिटर साधं पाणी उकळीला येईल. ऑफिसात २० लिटरचा पाण्याचा जार असतो ना, त्याहून जास्त पाणी! आणि ती सगळी उष्णता चार चाकांतल्या छोट्या पॅडवर.

पॅड फार तापले की त्यांची पकड कमी होते. हा पहिला धोका. दुसरा जास्त वाईट. पायाचा दाब चाकापर्यंत नेणारं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेल्या जुन्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. ते उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल दाबलं तर ते भुसभुशीत आत जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी कमी चालली असली तरी. सर्व्हिसिंगच्या बिलात ही ओळ दिसली की कंपनी लुटतेय असं म्हणणारे बरेच भेटतात. ही ओळ तरी कापू नका.

उपाय साधा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं आणि ब्रेकला आराम मिळतो. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल वापरा. पाय सतत ब्रेकवर ठेवून घासत राहू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. आणि न्यूट्रलमध्ये इंधन वाचतं हा समज आता तरी सोडा. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इंजिनला मिळणारं इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला इंधन पितं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पैसेही जातात आणि ब्रेकही.

इलेक्ट्रिकवाल्यांनो, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. तुमची मोटर उतारावर बॅटरी चार्ज करत गाडी अडवते. पण वर हॉटेलात रात्री १०० टक्के चार्ज करून सकाळी लगेच घाट उतरायला लागलात तर बॅटरीत जागाच नसते. मग ते अडवणं कमी होतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. डोंगरावर मुक्काम असेल तर थोडी बॅटरी रिकामी ठेवा.

जळका वास आला, पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, तर पुढच्या सपाट सुरक्षित जागी थांबा आणि ब्रेक थंड होऊ द्या. पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते किंवा तडकते. पेडल पूर्णच आत गेलं तर भराभर पंप करा, खालचे गिअर टाका, हँडब्रेक हळूहळू ओढा. बर्थाच्या वेगात चूक दुरुस्त करायला वेळ होता. आपल्याकडे ताशी ६० ला तो नसतो.

पोहोचल्यावर

अंधार पडता पडता ती तिघं फोर्झहाइमला पोहोचली आणि तिने कार्लला तार केली. काही दिवसांनी ती गाडीनेच परत आली, वेगळ्या रस्त्याने. आणि मग तिने कार्लला सगळं सांगितलं: चढाला गाडी कमी पडते, ब्रेक झिजतात. आम्ही ज्याला बग रिपोर्ट म्हणतो तोच हा, फरक एवढाच की हा तिने स्वतः १०० किलोमीटर बसून लिहिला होता. कार्लने चढासाठी आणखी एक खालचा गिअर बसवला. पुढच्याच महिन्यात म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. विक्री लगेच उसळली नाही, पण शतक संपता संपता, १८९९ मध्ये, कंपनीने वर्षाला ५७२ गाड्या बनवल्या. तेव्हा एवढ्या गाड्या जगात दुसरं कोणी बनवत नव्हतं.

पुढचं आयुष्य तुलनेने शांत. १९०३ मध्ये कार्ल कंपनीच्या रोजच्या कामातून बाहेर पडला, मग लाडेनबुर्गला घर केलं, मुलांबरोबर छोटा कारखाना काढला. १९२६ मध्ये जुनी कंपनी डाइमलरमध्ये विलीन झाली, तेव्हा दोघं हयात होते. १९२९ मध्ये कार्ल गेला. त्याच्या आठवणींच्या पुस्तकात त्याने बायकोच्या वाट्याचं श्रेय मोकळेपणाने दिलं आहे, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. पेटंटवर नसलेलं नाव निदान तिथे आलं.

मॅनहाइम ते फोर्झहाइम आणि परत, असा तिचा रस्ता २००८ पासून बर्था बेंझ स्मृतिमार्ग म्हणून जाहीर झाला आहे. त्यावर पाट्या आहेत, मॅपवर शोधलंत तर सापडेल. जर्मनीत शिकणारे किंवा नोकरी करणारे आपले बरेच जण आहेत, त्यांच्यापैकी कोणी स्टुटगार्टच्या बाजूला असेल तर एका रविवारात होतो. बाउशलॉटच्या अलीकडच्या टेकड्यांवर उतरताना कुठला गिअर टाकलात ते मला कमेंटमध्ये सांगा.

कार्ल्सरुहच्या ज्या संस्थेत कार्ल इंजिनिअरिंग शिकला होता, तिथल्या तांत्रिक विद्यापीठाने बर्थाला मानद सिनेटर केलं. दिवस होता ३ मे १९४४, तिचा ९५ वा वाढदिवस. दोन दिवसांनी लाडेनबुर्गच्या घरी ती गेली.